थोरांचं लहानपण: आवड आधी की दुकान आधी?

सायली_ठाणे

परवा पोराच्या शाळेतून एक फॉर्म आला. नाव, रक्तगट, ॲलर्जी वगैरे झाल्यावर शेवटून दुसरा रकाना: 'पाल्याचा कल'. पुढे दीड इंच जागा. पोरगा अकरा वर्षांचा आहे. कल म्हणाल तर तो बसची तिकिटं जमवतो. बिस्किटाच्या डब्यात चारशेवर तिकिटं असतील. नवरा म्हणाला, "विज्ञान लिही आणि मोकळी हो." माझा हात उठेना. फॉर्म अजून फ्रिजवर चुंबकाखाली लटकतोय.

तेव्हापासून एकच खूळ डोक्यात आहे. असा फॉर्म मोठ्या माणसांच्या आईबापांकडे आला असता तर त्यांनी काय लिहिलं असतं? उदाहरणार्थ विजेचे शोध लावणाऱ्या मायकेल फॅरडेच्या आईने?

फॅरडेचा जन्म १७९१ चा, लंडनच्या कडेला. बाप लोहार, तोही सतत आजारी. शाळा म्हणजे लिहिणं, वाचणं आणि जुजबी हिशेब. तेराव्या वर्षी, १८०४ साली, हा ब्लँडफर्ड स्ट्रीटवरच्या जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकवाल्याकडे पोऱ्या म्हणून लागला. काम काय, तर घरोघरी वर्तमानपत्र पोचवायचं. आणि ते विकत नव्हे, भाड्याने! एका घरचं वाचून झालं की तेच परत घेऊन पुढच्या घरी द्यायचं. वर्षभराने रिबोने त्याला बाइंडिंगच्या उमेदवारीवर घेतलं, करार सात वर्षांचा. त्या काळी धंदा शिकायला बसवताना मालक उलट मुलाच्या घरच्यांकडूनच पैसे घेत. रिबोने वर्षभराचं इमानी काम बघून ते सोडून दिले.

आता इथून मजा आहे. बांधायला आलेली पुस्तकं हा मुलगा वाचायचा. ब्रिटानिका विश्वकोशाचा एक खंड आला, त्यातला विजेवरचा लेख वाचला. जेन मार्सेटबाईंचं रसायनशास्त्रावरचं संवादरूपातलं पुस्तक हाती आलं. आठवड्याला दोन-चार पेन्स परवडतील एवढेच प्रयोग करायचे, पण करून बघायचे. रिबोकडे मास्केरिये नावाचा एक फ्रेंच निर्वासित चित्रकार राहायचा, त्याच्याकडून यथार्थदर्शन, म्हणजे चित्रात खोली दाखवायची रीत, शिकला. डॉर्सेट स्ट्रीटवर टेटम नावाचे गृहस्थ घरीच विज्ञानाची व्याख्यानं देत, फी एक शिलिंग. ती थोरल्या भावाने भरली, आणि भाऊही लोहारच.

मग १८१२. दुकानात येणाऱ्या डान्स नावाच्या गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेतल्या रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हींच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. (हो, तिकिटंच. मला लगेच आमचा डबा आठवला.) फॅरडेने टिपणं काढली, घरी येऊन सविस्तर लिहिली, आकृत्या काढल्या आणि तीनशेहून जास्त पानांचं ते बाड स्वतः बांधलं. आधी रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना नोकरीसाठी पत्र टाकलं होतं, तिथून उत्तरच आलं नाही. वर्षाअखेरीस डेव्हींना पत्र लिहिलं आणि ते बाड सोबत पाठवलं. डेव्ही भले माणूस, पण भेटीत त्यांनी सल्ला काय दिला? बाइंडिंगच धर, आमच्या संस्थेचं कामही तुलाच देतो!

त्याच सुमारास प्रयोगशाळेत स्फोट होऊन डेव्हींच्या डोळ्याला इजा झाली, म्हणून फॅरडेला काही दिवस लेखनिक म्हणून बोलावलं गेलं. पुढे तिथल्या मदतनिसाने मारामारी केली आणि त्याला हाकललं. १ मार्च १८१३ रोजी ती जागा फॅरडेला मिळाली. वर माळ्यावरच्या दोन खोल्या, जळण आणि मेणबत्त्या.

आता सांगा, आईने रकान्यात काय लिहिलं असतं? मला वाटतं आवड आधी नव्हतीच. दुकान आधी होतं, आवड त्या दुकानात लागली. तुम्हाला अशी कुणाची लहानपणं ठाऊक असतील तर लिहा. फक्त 'लहानपणापासूनच तल्लख बुद्धी आणि कमालीचे जिज्ञासू' छापाची नकोत, ती पाठ्यपुस्तकात भरपूर आहेत.

चौकस

मस्त विषय. वाचतोय. वर्तमानपत्र भाड्याने हे माहीतच नव्हतं.

शंकासुर

लेख चांगला आहे, पण विरजण घालायला कुणीतरी हवंच, म्हणून मी आलो.

थोरांच्या बालपणाच्या गोष्टींचा एक ठरलेला साचा असतो. माणूस आधी मोठा होतो, मग लोक मागे जाऊन त्याच्या लहानपणात खुणा शोधतात. जेम्स वॅटची किटली घ्या. किटलीचं झाकण उडताना पाहिलं आणि वाफेचं इंजिन सुचलं म्हणे. अहो, न्यूकमनचं वाफेचं इंजिन वॅटच्या जन्माआधीच खाणींतलं पाणी उपसत होतं! वॅटने दुरुस्तीला आलेल्या त्याच्या छोट्या नमुन्यातला दोष ओळखला, ही खरी गोष्ट. ती किटलीइतकी गोड नाही, म्हणून सांगत नाहीत. आइन्स्टाइन गणितात नापास झाला हेही तसंच. पंधरावं वर्ष लागायच्या आत कलनशास्त्र आत्मसात केलं होतं असं त्यानेच सांगितलंय. टिळकांच्या शेंगांच्या टरफलांची गोष्ट आपण सगळ्यांनी वक्तृत्व स्पर्धेत म्हटलीय. ती कुणी, कधी लिहून ठेवली हे विचारायला कुणाची जीभ रेटत नाही.

दुसरं म्हणजे, बाइंडरकडे लागलेली पोरं लंडनमध्ये शेकड्यांनी असतील. ती सगळी आयुष्यभर पुस्तकंच बांधत राहिली. त्यांच्यावर धागा निघत नाही.

सायली_ठाणे

शंकासुर, तुम्ही येणार हे माहीत होतं. :)

दुसरा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पहिल्याबद्दल: फॅरडेची गोष्ट मागाहून रचलेली नाही. ते बांधलेलं बाड आजही रॉयल इन्स्टिट्यूशनकडे आहे. आणि १८५८ मध्ये, मार्सेटबाई गेल्यावर, त्याने एका मित्राला पत्र लिहिलंय. त्यात तो म्हणतो, मी फार खोल विचार करणारा किंवा वयाच्या मानाने पुढे असलेला मुलगा होतो असं समजू नका, माझा विश्वकोशावर जितका विश्वास होता तितकाच अरबी सुरस कथांवरही बसला असता. फक्त वाचलेलं एखादं विधान त्याने छोट्या प्रयोगांनी पडताळून पाहिलं आणि ते खरं निघालं, तेव्हा आपण काहीतरी घट्ट धरलंय असं त्याला वाटलं. पासष्टी उलटलेला, जगभर नाव झालेला माणूस स्वतःचं लहानपण असं सांगतोय. साच्यातली गोष्ट याच्या बरोब्बर उलटी असती.

जुनाबाइंडर

प्रथमच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. एरवी नुसता वाचक.

माझ्या मामांचं बाइंडिंगचं दुकान होतं, कोल्हापुरात. मॅट्रिकनंतर चार वर्षं मी तिथे होतो. फॅरडेविषयी मला काही माहीत नाही, पण 'बांधता बांधता वाचलं' हे काय असतं ते सांगू शकतो.

नवीन पुस्तक बांधताना वाचता येत नाही. ताव छापून येतो तेव्हा पानं उलटीसुलटी असतात, पानाशेजारी भलतंच पान, एक डोक्यावर उभं. घडी घातल्यावर ती क्रमाला येतात. सोळा पानांची एक घडी, तिला आम्ही जुस म्हणायचो. जुस जुळवताना नजर फक्त आकड्यावर ठेवायची. वाचायला लागलात की हात थांबतो आणि मामांची टपली बसते.

पण जुनं पुस्तक दुरुस्तीला आलं की गोष्ट वेगळी. ते आधी उसवावं लागतं. जुना दोरा कापायचा, पाठीवरची वाळलेली खळ ओल्या फडक्याने मऊ करून खरवडायची, जुस सुटे करायचे, कुठलं पान गळालंय ते बघायचं. इथे वाचल्याशिवाय चालत नाही, कारण आकडा फाटलेला असेल तर वाक्य जुळवूनच पान लावावं लागतं. अर्धं वाक्य या पानावर, उरलेलं शोधायचं. 'ज्ञानेश्वरी'चे किती खंड मी असे लावले असतील! ओवी पुरी झाली नाही तर पान चुकलंय, एवढं समजायचं. अर्थ पुष्कळ वर्षांनी कळला.

आणि वेळ. खळ लावून पुस्तक शिकंजात घातलं की रात्रभर हलवायचं नाही. खळीत मोरचूद घालायचो, कसर लागू नये म्हणून, बोटं निळसर व्हायची. शिकंजे भरले की दुसरं काम नाही. मग जे समोर असेल ते वाच. मी त्या चार वर्षांत आयुर्वेद, कोर्टाचे निवाडे, नाटकं आणि एका साखर कारखान्याचे अहवाल वाचले. म्हणून फॅरडे झालो नाही, शंकासुर म्हणतात त्यातलाच मी एक. पण निवाडे वाचायची खोड लागली ती लागली. पुढे कोर्टात कारकून म्हणून छत्तीस वर्षं काढली.

शंकासुर

जुनाबाइंडर काका, माझं विधान मागे घेतो. म्हणजे आकडेवारीपुरतं घेत नाही, पण 'धागा निघत नाही' एवढं घेतो. लिहीत राहा.

सायली_ठाणे

काका, काय सुंदर लिहिलंत! बारीकशी पुस्ती: त्याच पत्रात फॅरडे म्हणतो की काम आटोपल्यावरच्या तासांत वाचायचो. म्हणजे त्याचे शिकंजे बहुधा रात्री भरलेले असायचे.

आणि तुमच्यासाठी एक गोष्ट राखून ठेवली होती. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याने चुंबकापासून वीज मिळवण्याचा तो प्रसिद्ध प्रयोग केला. लोखंडाचं कडं, बाहेरून सहा इंच व्यासाचं, त्यावर तांब्याच्या तारेची वेटोळी. तार उघडी, तेव्हा वेटोळी एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये काय घातलं? त्याने रोजनिशीत लिहिलंय: सुतळी आणि सुती कापड.

जुनाबाइंडर

दोरा आणि कापड! म्हणजे बाइंडरचं सामान. मला दुसरं काय सुचलं असतं, सांगा.

लंडनकर_पूर्वीचा

अवांतर माहिती. तिकडे नोकरीला असताना ते कडं मी प्रत्यक्ष पाहिलंय, आल्बमार्ल स्ट्रीटवर रॉयल इन्स्टिट्यूशनच्या तळघरातल्या संग्रहालयात. फोटोत गुळगुळीत वाटतं, समोर बघितलं की एखाद्या घरी बांधलेल्या गाठोड्यासारखं दिसतं. कापड मळकट, दोऱ्याची टोकं बाहेर आलेली. तिथून चालत वीसेक मिनिटांवर ब्लँडफर्ड स्ट्रीट. रिबोच्या दुकानाच्या जागी भिंतीवर गोल पाटी आहे, फॅरडे इथे उमेदवार होता एवढंच सांगणारी. 'वैज्ञानिक' आणि 'उमेदवार' हे दोन्ही शब्द एकाच पाटीवर आहेत, ते मला फार आवडलं होतं.

खारीक

पक्षीवाल्यांच्या वतीने सलीम अलींना आणते.

मुंबईत, १८९६ चा जन्म. आईवडील लहानपणीच गेले, खेतवाडीत मामा अमीरुद्दीन तय्यबजींच्या घरी वाढले. मामा शिकारी. पोराच्या हाती छर्‍याची बंदूक. एकदा मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही नेहमीची चिमणी नाही, मग खायला चालेल का, हा प्रश्न! मामांकडे गेला. मामांनाही ओळखेना, पण ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी सोसायटीचे मानद सचिव मिलर्ड यांच्या नावे चिठ्ठी दिली. १९०८ ची गोष्ट. बारा वर्षांचा मुलगा, साहेबाशी बोलायची धास्ती, खिशात मेलेली चिमणी.

मिलर्डनी पाहिलं, पीतकंठी चिमणी म्हणून ओळखलं आणि मुलाला कपाटापाशी नेऊन खणांमागून खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. वाचायला पुस्तकं दिली. कातडं सोलून पक्षी टिकवायचं काम शिकायला या, म्हणाले.

एक गंमत. सोसायटीचं ते ऑफिस तेव्हा अपोलो स्ट्रीटवर एका दारूच्या पेढीच्या जागेत होतं, मिलर्ड त्याच पेढीत. आणि त्यांच्या खुर्चीमागे 'विल्यम' नावाचा जिवंत धनेश पक्षी राहायचा! १८९४ ते १९२० इतकी वर्षं तो तिथे होता. सोसायटीच्या बोधचिन्हावरचा धनेश म्हणजे हाच. आता मला सांगा, बारा वर्षांच्या पोराला यापुढे दुसरीकडे कुठे जावंसं वाटेल?

शंकासुर, तुम्ही विचारायच्या आत: चिमणीची गोष्ट सलीम अलींनी स्वतः म्हातारपणी लिहिली, हे खरं. पण त्याआधीची, १९०६-०७ ची त्यांची एक पोरवयातली नोंद शिल्लक आहे. तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमणी अंड्यांवर बसलीय आणि नर बाहेर खिळ्यावर पहारा देतोय. याने गाडीच्या आडून नर मारला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला, तोही खिळ्यावर. तोही मारला. सात दिवसांत आठ नर! दर वेळी मादीकडे नवा नर हजर. खूप वर्षांनी हीच नोंद पक्षीनिरीक्षकांच्या एका वार्तापत्रात जशीच्या तशी छापली गेली, कारण निरीक्षण म्हणून ती चोख होती.

शंकासुर

सात दिवसांत आठ. आज असतं तर शाळेने पालकांना बोलावून समुपदेशकाचा नंबर दिला असता. 'पाल्याचा कल' या रकान्यात मामांनी 'शिकार' लिहिलं असतं आणि ते खरंही होतं.

पण ही नोंद मला पटते. त्यात स्वतःचं कौतुक नाही, कणव नाही, नुसतं मोजलंय. लहानपणीचं खरं आणि मागाहूनचं रचलेलं यातला फरक असाच ओळखू येतो.

चौकस

डार्विनही असाच. बाप म्हणायचा, तुला शिकार, कुत्री आणि उंदीर पकडणं यापलीकडे काही सुचत नाही, स्वतःचं आणि घराण्याचं नाव घालवशील. केंब्रिजमध्ये भुंग्यांचा नाद. सालीखाली दोन दुर्मिळ भुंगे सापडले, दोन्ही हातांत एकेक धरला, तेवढ्यात तिसरा दिसला. मग उजव्या हातातला तोंडात टाकला! त्याने जिभेवर जाळणारा रस सोडला, थुंकावा लागला, आणि तिसराही पळाला.

मला त्यापेक्षा एडिनबरोची गोष्ट मोठी वाटते. डॉक्टरकी शिकायला गेला होता, शस्त्रक्रिया बघवेना. १८२६ मध्ये त्याने जॉन एडमनस्टन यांच्याकडे पक्ष्यांत पेंढा भरायची शिकवणी लावली, एक गिनी, दोन महिने, रोज तासभर. एडमनस्टन गयानातल्या मळ्यावरून आलेले मुक्त गुलाम. ही कला ते तिथे वॉटरटन नावाच्या भटक्या निसर्गवेड्याकडून शिकले होते. पाच वर्षांनी डार्विन बीगल जहाजावर चढला तेव्हा वैद्यकाचं त्याला काय उपयोगी पडलं कोण जाणे, पण पक्षी टिकवून घरी पाठवायला ही शिकवणी कामाला आली. त्या माणसाचं चित्रही शिल्लक नाही.

माळरान

धागा छान चाललाय, पण आतापर्यंत सगळे मुलगेच. आणि प्रत्येकाला कुणीतरी कुठेतरी आत घेतलंय: दुकानात, ऑफिसात, शिकवणीला. मुलींना हे दार कुठून मिळायचं?

सायली, तू मार्सेटबाईंना एका वाक्यात गुंडाळलंस, म्हणून सांगते. त्या स्वतः डेव्हींच्याच व्याख्यानांना जायच्या. पहिल्यांदा फारसं समजलं नाही. घरी नवऱ्याशी, मित्रांशी बोलून, प्रयोग पाहून समजून घेतलं आणि मग आपल्यासारख्या बायकांसाठी ते पुस्तक लिहिलं, पहिल्या आवृत्त्यांवर स्वतःचं नावही न घालता. ते पुस्तक बाइंडरच्या पोराच्या हाती पडलं आणि त्या वाटेने तो पुन्हा डेव्हींपाशीच पोचला. बाईने व्याख्यान समजलं नाही हे कबूल केलं, तिथून फॅरडेची सुरुवात आहे!

आणि आपल्याकडे पंडिता रमाबाई. जन्म १८५८, गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं म्हणून शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला होता. रमाबाईंना शिकवलं ते आईने. कधी? पहाटे. दिवसभर घरात राबणं, आल्यागेल्याचं बघणं, तेव्हा उजाडायच्या आतली वेळ तेवढी रिकामी. लहानग्या रमेला झोपेतून उठवून श्लोक म्हणवून घ्यायच्या. पुढे हे कुटुंब तीर्थांमागून तीर्थं करत, पुराण सांगत पायी हिंडत राहिलं, त्यामुळे शाळा हा प्रकारच नाही. दुष्काळात आईवडील गेले, मग बहीणही. उरलेले भाऊबहीण चालत चालत कलकत्त्याला पोचले. तिथे १८७८ मध्ये वीस वर्षांच्या या मुलीचं संस्कृत ऐकून पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

लक्ष्मीबाईंना 'पाल्याचा कल' विचारला असता तर त्या म्हणाल्या असत्या, झोप.

सायली_ठाणे

माळरान, 'झोप' वर मोठ्याने हसले आणि मग जरा गप्प झाले. मार्सेटबाईंचं बरोबर आहे, हात आखडता घेतला मी.

घाटवाट

चालण्याचा विषय निघालाच आहे तर कोकणातले धोंडो केशव कर्वे. १८७५ साली मुरूडहून साताऱ्याला परीक्षेसाठी चालत गेले, शंभरावर मैल, कुंभार्ली घाटातून. तिथे परीक्षा समितीच्या प्रमुखाने बघितलं आणि म्हणाला, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस. दाखला दाखवूनही बसू दिलं नाही. आले तसे परत. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन ती परीक्षा दिली.

घाट मी दोनदा उतरलोय, पावसात. फोनमध्ये नकाशा असूनही. बाकी काही म्हणायचं नाही.

शंकासुर

यात आवड कुठाय? ही परीक्षा.

घाटवाट

म्हणूनच बाकी काही म्हणायचं नाही असं म्हटलं.

रीळवाला

उशिरा आलो. 'कल' एका रकान्यात न मावणारा माणूस म्हणजे दादासाहेब फाळके.

१८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्म, वडील संस्कृतचे शास्त्री. पोरगा दशग्रंथी व्हायचा तो १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. मग बडोद्याचं कलाभवन: चित्रं, फोटोग्राफी. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. प्लेगमध्ये बायको आणि मूल गेलं, ते सगळं सोडलं. जादू शिकले आणि 'प्रोफेसर केल्फा' नावाने प्रयोग केले (फाळके उलटं वाचा!). पुरातत्त्व खात्यात नकाशे-रेखाटनं करायची नोकरी. ती सोडून छापखाना, लोणावळ्याला. राजा रवि वर्म्यांच्या चित्रांच्या शिळाछपाईशी संबंध, रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीची वारी. मग भागीदाराशी बिनसलं, तेही गेलं. चाळिशीत, हाती काही नसताना, गिरगावात तंबूत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला.

नातेवाइकांच्या नजरेने बघा. या माणसाने चाळीस वर्षांत एक धंदा धड केला नाही. पण ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लागला तेव्हा पडदे रंगवायला चित्रकार, कॅमेऱ्यामागे फोटोग्राफर, फिल्म धुवायला रसायनं हाताळलेला छापखानेवाला आणि चलाख दृश्यांना जादूगार, अशी चार माणसं त्यांना पगार देऊन आणावी लागली नाहीत.

आणि भांडवल कसं उभं केलं? कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडं थोडं चित्रण करून रोप उगवून वर येताना दाखवणारी छोटी फिल्म केली आणि ती दाखवून पैसे देणारा माणूस पटवला. मला तर त्या वाटाण्यातही केल्फाच दिसतो. टोपीतून कबुतर, कुंडीतून वेल.

खारीक

केल्फा!! हे मला आजवर कुणी का सांगितलं नाही?

शंकासुर

फाळक्यांचं पटलं. माझ्यापुरता मुद्दा एवढाच उरतो की हे सगळं मागे वळून बघतानाच जुळतं. १९०९ मध्ये फाळक्यांना विचारलं असतं तर त्यांनीही 'छपाई' लिहिलं असतं, दीड इंचात. तेव्हा सायली, त्या फॉर्मवर काय लिहायचं याचं उत्तर या धाग्यात मिळणार नाही.

सायली_ठाणे

नाहीच मिळालं. पण काल रात्री मी पहिल्यांदा तो डबा नीट उघडून बघितला. आजवर 'कचरा' म्हणून हाताने सरकवत होते.

तिकिटं मार्गाप्रमाणे लावलेली नाहीत. भाड्याप्रमाणेही नाहीत. शेवटी विचारलं. म्हणाला, फिकट होण्याच्या क्रमाने लावलीत. मशिनमधून येणाऱ्या तिकिटावरची अक्षरं उडतात ना, ती कुठली किती दिवसांत उडतात ते तो बघतोय. खिडकीत ठेवलेली एक गड्डी, कपाटातली एक, आणि एक माझ्या पर्समधली, म्हणून पर्समधून तिकिटं काढू देत नव्हता! मागे पेन्सिलीने तारखा आहेत. सगळ्यात जुन्या गड्डीतली कोरी झालीत, नुसत्या तारखाच उरल्यात.

फॉर्मवर 'बसची तिकिटं' लिहून दिलं. वर्गशिक्षिकेचा फोन आलाय, सोमवारी बोलावलंय.

जुनाबाइंडर काका, एक विचारायचं होतं. ही तिकिटं वहीत नीट लावून द्यायचीत, त्याने मागितलंय. गोंद चालेल का?

जुनाबाइंडर

गोंद अजिबात लावू नका. त्या कागदावर उष्णतेने अक्षर उमटतं, शाईने नाही. गोंदाने किंवा चिकटपट्टीने ते आणखी लवकर जाईल आणि पोराचा हिशेब बिघडेल. प्लास्टिकच्या खिशातही घालू नका. जी अजून वाचता येतात त्यांची आधी झेरॉक्स काढून ठेवा.

जाड कागदाची सोळा पानी जुस करा, चार ताव एकात एक घालून, मध्ये दुमडून. प्रत्येक पानावर तिरप्या चिरा पाडायच्या आणि तिकिटाचे कोपरे त्यात खोचायचे, जुन्या फोटोंच्या अल्बमसारखं. तिकीट काढून परत खिडकीत ठेवता येईल. शिवताना घडीवर पाच भोकं, मधल्यापासून सुरुवात, दोरा मेणावरून ओढून घ्या म्हणजे गुंतत नाही.

दाभण त्याच्याच हाती द्या, पण समोर बसा. पहिल्या दिवशी माझं अंगठ्यात गेलं होतं.